‘आपल्याकडे पैसे नाहीत’ हे सांगणं मी का बंद केलं

आजचा भाग मुलांना खरेदी शिकवण्याबद्दल आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. दुकानात गेलो की काही ना काही हवंच असायचं. मी काय करायचे? ‘अरे, आपल्याकडे पैसे नाहीत,’ असं सांगून मोकळी व्हायचे. वाद नाही, रडारड नाही. मग एकदा त्याचं दप्तर आवरताना तळाशी एक चुरगळलेला कागद सापडला. शाळेच्या सहलीचा. पैसे भरायची तारीख उलटून चार दिवस झालेले. विचारलं, ‘दाखवला का नाहीस?’ तर म्हणाला, ‘आपल्याकडे पैसे नाहीत ना. तुला वाईट वाटलं असतं.’

खरं सांगते, मला काही बोलताच येईना. पैसे होते हो. त्याच आठवड्यात मी ऑनलाइन सेलमध्ये गरज नसलेली चादर मागवली होती. ती खोक्यात तशीच पडलेली, आणि आठ वर्षांचं पोर एकटंच घराची काळजी करत बसलेलं. (बाईंशी बोलून सहलीचं जमलं एकदाचं.)

तेव्हापासून वाक्य बदललं. ‘पैसे आहेत, पण ते ह्यासाठी ठेवलेले नाहीत.’ यावर मूल लगेच विचारतं, ‘मग कशासाठी?’ म्हणजे उत्तर तयार हवं! एका रविवारी आम्ही कागद घेऊन बसलो. पगाराचा खरा आकडा नाही सांगितला, तो दुसऱ्या दिवशी अख्ख्या सोसायटीला कळला असता. आपले १०० रुपये धरले. त्यातले भाड्याला किती, किराण्याला किती, फी, आजीची औषधं. शेवटी उरले ९. तो त्या ९ कडे बराच वेळ बघत होता. नवरा म्हणाला, एवढ्याशा मुलाला कशाला हे? मला वाटतं, अर्धवट ऐकून घाबरण्यापेक्षा पूर्ण कळलेलं बरं.

दुसरी अडचण फोनची. आमच्या लहानपणी आईच्या पाकिटातली नोट कमी झालेली डोळ्यांना दिसायची. आता स्कॅन केलं की वस्तू आपली. म्हणून शनिवारच्या भाजीसाठी रोख २०० रुपये त्याच्या हातात द्यायला लागले. उरतील ते त्याचे, असं ठरवलं आणि फसले! दुसऱ्याच आठवड्यात पठ्ठ्याने मऊ पडलेले टोमॅटो आणि बोटभर कोथिंबीर आणली, आणि ७० रुपये खिशात. मग नियम बदलला. यादीतलं सगळं आलं पाहिजे, चांगलं आलं पाहिजे, आणि उरलेले निम्मे घरच्या डब्यात. आणखी एक, टोपली घेऊन बसलेल्या मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायची नाही. हे माझं वैयक्तिक मत, तुम्हाला पटेलच असं नाही.

पाकिटबंद मालाला मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं. आम्ही दुकानात एक खेळ खेळतो, एका ग्रॅमला किती पैसे? बिस्किटांचा १० रुपयांचा पुडा ६० ग्रॅमचा होता, म्हणजे ग्रॅमला साधारण १७ पैसे. शेजारीच २५० ग्रॅमचा मोठा पॅक ४५ रुपयांना, म्हणजे १८ पैसे. मोठा पॅक स्वस्तच असणार, हे मी इतकी वर्षं धरूनच चालले होते! आता बऱ्याच पाकिटांवर हा ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेलाही असतो, बारीक अक्षरांत, एमआरपीच्या आसपास. मुलांचे डोळे चांगले असतात, त्यांनाच शोधायला लावा.

एमआरपीवरून आठवलं. एका दुकानात थंड बाटलीचे दोन रुपये जास्त लावले, ‘फ्रिजचे’ म्हणून. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात आणि दुकानदाराला त्याहून जास्त घेता येत नाही, थंड करण्याचेसुद्धा. कमी घेता येतात. मुलाने बाटली फिरवून दाखवली, ‘काका, इथे २० लिहिलंय.’ आवाज एवढासा, पण बोलला. काकांनी कपाळाला आठ्या घालून दोन रुपये परत केले. नसते केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तो घरी फ्रिजवरच लिहून ठेवलाय. बिल मागायची सवयही तेव्हापासूनच लागली.

आता तो पाचवीत आहे. मागच्या आठवड्यात रात्री मी फोनवर सेल बघत होते, एक कुर्ता कार्टमध्ये टाकला होता. हा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘आई, हे कशासाठी ठेवलेले पैसे आहेत?’

मी ॲप बंद केलं. त्या रात्रीपुरतं तरी. चला, भेटू पुढच्या भागात.