पोटाचे व्यायाम आणि पोटाची चरबी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



धर्मसंस्थेच्या व्यासपीठावरून पोटाच्या घेराची चर्चा व्हावी, हे काहींना विचित्र वाटेल. सुटलेले पोट हा एकेकाळी सुखवस्तूपणाचा दाखला मानला जात असे. पुढे तो थट्टेचा विषय झाला. परंतु व्यापारी पेशातील कुटुंबांत मधुमेह आणि हृदयविकार ज्या वेगाने शिरले आहेत, तो पाहता ही थट्टा आता परवडणारी नाही.

दुकानाच्या गादीवर दिवसाचे दहा-बारा तास बसणारे एखादे गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. चाळिशीत कमरपट्टा एकेक छिद्र पुढे सरकू लागतो. डॉक्टर रक्तातील साखर काठावर असल्याचे सांगतात. गृहस्थ जिद्दीने पहाटे उठतात, चटईवर उताणे पडून धड उचलण्याचे, म्हणजे ज्याला सिट-अप म्हणतात तो व्यायाम पन्नास-साठ वेळा करतात. दोन महिने नेटाने जातात. पट्टा मात्र त्याच छिद्रावर! मग 'आपल्या शरीराला व्यायाम मानवत नाही' असा निष्कर्ष निघतो आणि सारेच सुटते. खरे नुकसान येथे होते. व्यायाम चुकलेला नसतो, त्याच्याकडून धरलेली अपेक्षा चुकलेली असते.

जेथे हालचाल, तेथील चरबी झडते, ही समजूत फार जुनी आहे. तिची परीक्षा शास्त्रज्ञांनी अनेक प्रकारे घेतली. टेनिसपटूचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्याहून कितीतरी अधिक राबतो. १९७१ साली अमेरिकेत अशा खेळाडूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणाऱ्या हाताचे स्नायू अधिक भरलेले आढळले. कातडीखालील चरबी मात्र दोन्ही हातांत सारखीच होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून नेमका होता. तेरा पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५००४ सिट-अप काढले. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तीन ठिकाणच्या चरबीचे सूक्ष्म नमुने घेतले गेले. चरबीच्या पेशी थोड्या आकसल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. वजन आणि पोटाचा घेर होता तेथेच राहिला. २०११ साली सहा आठवड्यांच्या आणखी एका प्रयोगातून तोच निर्णय आला: पोटाच्या स्नायूंची ताकद वाढली, चरबी घटली नाही.

न्यायाने हेही सांगावयास हवे की २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात पोटाचे व्यायाम करणाऱ्या गटाच्या धडावरील चरबी थोडी अधिक घटल्याचे दिसले. परंतु तो व्यायाम दमसास वाढविणारा, दीर्घकाळ चालणारा आणि धावण्याच्या जोडीने केलेला होता. चटईवरच्या पन्नास सिट-अपांना त्याचा आधार घेता येणार नाही.

असे का होते, हे व्यापाऱ्याला चटकन उमजेल. स्नायू हा खर्च करणारा आहे. पैसा कोणत्या तिजोरीतून काढावयाचा, हे तो ठरवीत नाही. शरीराला इंधन हवे असे झाले की ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके रक्तातून सर्वत्र संदेश धाडतात. ठिकठिकाणच्या चरबीपेशी आपला साठा फोडून स्निग्धाम्ले रक्तात सोडतात आणि काम करणारा स्नायू ती रक्तातून उचलतो. पोटाच्या स्नायूने वापरलेली चरबी मांडीची असू शकते, पाठीचीही असू शकते. साठा कोठे आधी व्हावा आणि कोठून आधी निघावा, हे वय, स्त्री-पुरुषभेद, आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवितात. पुरुषांत तो प्रथम पोटावर होतो. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर पोटाकडे वळतो.

शिवाय खर्चाचा आकडाही पाहावा. दहा मिनिटांच्या सिट-अपांनी फार तर चाळीस-पन्नास उष्मांक खर्च होतात. लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तुपात पंचेचाळीस असतात! एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. घाम आणणारे पट्टे आणि पोट थरथरविणारी यंत्रे यांविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. त्यांनी जाते ते पाणी, आणि ते दोन पेले पिताच परत येते.

पोटावरील चरबीही एकाच प्रकारची नसते. चिमटीत येते ती कातडीखालची. आतडी, यकृत यांच्याभोवती साचते ती आतली, आणि मधुमेह-हृदयविकाराशी अधिक निकटचा संबंध तिचाच आहे. या बाबतीत भारतीय शरीराची ठेवण विशेष घातक. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघा संशोधकांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, अशा व्यक्तीने 'वजन तर बेताचेच आहे' म्हणून निर्धास्त राहू नये, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

समाधानाची बाब अशी की ही आतली चरबी झरझर चालण्याला दाद देते. काट्यावर वजन फारसे हललेले नसतानाही ती घटू शकते. आठवड्याला किमान १५० मिनिटे, श्वास वाढेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चालावे. पोटाचे व्यायाम तरीही टाकाऊ नव्हेत. पोटाचे स्नायू मजबूत असले की पाठीच्या कण्याला आधार मिळतो, सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे ताठ बसणे सोपे जाते. मात्र हर्निया, कंबरेच्या मणक्याचे दुखणे, हाडांचा ठिसूळपणा असणाऱ्यांनी आणि नुकत्याच बाळंत झालेल्या भगिनींनी सिट-अप वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नयेत.

आता आहाराकडे, कारण पोटाचा खरा हिशेब तेथेच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांत अनशनापाठोपाठ येते ते अवमौदर्य, म्हणजेच ऊणोदरी. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास आणि स्त्रीचा अठ्ठावीस मानून त्याहून कमी घेणे, अगदी एक घास कमी घेणे, हेही परंपरेने तप मानले आहे. अष्टाह्निकेच्या उपवासांची मिरवणूक निघते. ताटावरून एक घास आधी उठणाऱ्याचा सत्कार कोणी करीत नाही. वास्तविक रोजच्या रोज पाळावयास हे तप उपवासाहून कठीण आहे. तूप, तेल, साखर यांपैकी एखादा रस काही दिवस सोडणारा रसपरित्यागही याच जातीचा.

रात्रीभोजनत्यागाविषयी एक सावधगिरी हवी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की वजन आपोआप उतरते, असे हल्ली अभिमानाने सांगितले जाते. २०२२ साली चीनमधील १३९ स्थूल व्यक्तींवरील वर्षभराच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उष्मांक दोन्ही गटांत सारखेच कमी केले होते. एका गटाने दिवसातील आठ तासांतच जेवावयाचे, असे अधिक बंधन पाळले. वजन किती घटले, यात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला घाईघाईने दुप्पट जेवणाऱ्याला घड्याळ वाचविणार नाही. अर्थात रात्रीभोजनत्यागाचा हेतू अहिंसेचा आहे आणि तपाचा निर्जरेचा. कंबर बारीक व्हावी म्हणून उपवास करणे ही तपाची गल्लतच होय. आणि आठ दिवसांचा उपवास संपताच पारण्यापासून पुढे पंधरा दिवस घरोघरी गोडाधोडाच्या पंगती झडतात, तेव्हा देहाचाही हिशेब पूर्ववत होतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्या श्रावक-श्राविकांनी मात्र उपवासाचे प्रत्याख्यान घेण्यापूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. औषध चालू आणि अन्न बंद, अशा स्थितीत रक्तातील साखर एकाएकी उतरून जीवावर बेतू शकते. हे गुरुमहाराजांनाही मोकळेपणाने सांगावे. संकोच बाळगू नये.

व्याख्यानानंतर सभागृहाच्या दाराशी शिंप्याच्या टेपा ठेवल्या आहेत. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडून माप घ्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठी धोक्याची रेघ आहे. आकडा कागदावर लिहून न्यावा आणि तीन महिन्यांनी त्याच टेपने पुन्हा मोजावा.