एक सकाळ, एक इंजिन

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांसाठीच्या या मालिकेत आजचा विषय तसा हलकाफुलका आहे. घरात तीन ते आठ वर्षांचं मूल आहे, रविवार मोकळा आहे, तर जायचं कुठे आणि तिथे जाऊन करायचं काय?

माझं पहिलं म्हणणं एवढंच, की एका दिवशी एकच ठिकाण. पाहुणे आले की आपण लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट एका दमात उरकतो. मोठ्यांचं त्यात भागतं. चार वर्षांचं मूल मात्र पहिल्या ठिकाणी मुंग्यांची रांग बघत बसतं, आपण त्याचा हात ओढतो, दुसऱ्या ठिकाणी ते रडतं आणि तिसऱ्या ठिकाणी कडेवर झोपून जातं. पायपीट सगळ्यांचीच होते, सहल कोणाचीच होत नाही.

मी दिल्लीचं उदाहरण घेते. चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, १९७७ साली सुरू झालेलं. उघड्या आवारात जुनी इंजिनं आणि डबे उभे आहेत, फिरायला मोकळी जागा आहे आणि मुलांना फिरवून आणणारी छोटी गाडीही आहे. माझा सल्ला असा, की ती गाडी शेवटी ठेवा. आधीच बसवलंत तर पुढचा सगळा वेळ "परत बसायचं" यातच जातो.

सगळी इंजिनं दाखवायच्या मागे लागू नका. दोन निवडा. पहिली पटियाला संस्थानची मोनोरेल. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी एकाच रुळावर चालायची. वजन रुळावरच्या चाकांवर आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक, ते रस्त्यावरून धावायचं. मुलाला आधी काही सांगू नका. विचारा, "एकाच रुळावर ही गाडी पडत कशी नव्हती रे?" मग त्याला एका पायावर उभं करा. डुगडुगेल. आता एक बोट आईच्या हाताला टेकव म्हणावं. लगेच स्थिर होईल. ते मोठं चाक म्हणजे हे बोट. हे त्याला कळलं की तो घरी येऊन दिवसभर एका पायावर उभा राहून दाखवेल.

दुसरं, बिनआगीचं वाफेचं इंजिन. जिथे ठिणगी उडणं धोक्याचं, अशा कारखान्यांसाठी ही इंजिनं बनत. आपण थर्मासमध्ये चहा भरून नेतो, तशी यात बाहेरून वाफ भरायची आणि ती संपेपर्यंत गाडी चालवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी झाली, की लांबूनच दाखवा: बघ, वाफेला किती जोर असतो. काल पाहिलेलं इंजिन आज स्वयंपाकघरात सापडतं.

जाताना मेट्रोत एक गोष्ट सांगता येईल. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे ३४ किलोमीटरचं अंतर, आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. निघताना तोफांची सलामी झाली. मुलांना ही नावं फार आवडतात. तीन मुलं असतील तर भांडणंही होतात, सुलतान कोण व्हायचं यावरून.

आता जरा महत्त्वाचं बोलते. आपल्या मुलांची शाळा हिंदी-इंग्रजीत, खेळ हिंदीत. घरात मराठी आहे, पण दिवसभरात आपण तिच्यातून काय बोलतो ते एकदा ऐका. ऊठ. आवर. दूध पी. उशीर होतोय. झोप आता. मराठी ही हुकमांची भाषा होऊन बसते आणि हुकूम ऐकायला कोणत्या मुलाला आवडतं? मग ते उत्तर हिंदीत देऊ लागतं, आणि काही वर्षांनी गावाकडच्या आजीशी फोनवर "हो", "नाही", "बरी आहे" यापलीकडे त्याचं गाडं सरकत नाही. आजी इकडून विचारते, नातू तिकडे गप्प, मध्ये आपण दुभाषे.

सहलीचे तीन तास याला चांगला उतारा आहेत. तिथे घाई नाही, हुकूम नाही. रूळ, डबा, चाक, कोळसा, वाफ, धुराडं, शिट्टी, तोल हे शब्द वस्तूला हात लावून शिकता येतात. मूल हिंदीत बोललं तर टोकू नका, तुम्ही मराठीत पुढे बोलत राहा. संध्याकाळी आजीला फोन लावा आणि तुम्ही बाजूला व्हा. "आजी, एका रुळाची गाडी पाहिली," एवढं त्यानं स्वतः सांगितलं, तर पुढचं आजी बघून घेते. तिच्याकडे कोळशाच्या इंजिनाच्या प्रवासाच्या, डोळ्यांत कण गेल्याच्या गोष्टी असतातच.

थोडं व्यवहाराचं. संग्रहालय सोमवारी बंद असतं. वेळ आणि तिकीट निघण्याआधी तपासा. फेब्रुवारी-मार्च उत्तम, उन्हाळ्यात सकाळी दार उघडताच पोहोचा, कारण तापलेल्या लोखंडाला हात लावता येत नाही. बरोबर पाणी, टोपी, एक जादा कपड्यांचा जोड, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि केळी. आणि मूल दमलं की निघा. अर्धं राहिलं तर राहू दे, पुढच्या वेळी यायला कारण मिळेल.

तुम्ही दिल्लीत नसाल तर म्हैसूर, चेन्नई, हावडा इथेही रेल्वे संग्रहालयं आहेत. तेही जवळ नसेल तर गावातलं स्टेशन आहेच. फलाट तिकीट काढा, बाकावर बसा आणि मालगाडीचे डबे मोजा, मराठीत. एकोणपन्नास आणि एकोणसाठमध्ये मुलं हमखास अडकतात. कधीकधी आपणही.

तर येत्या रविवारी एकच ठिकाण निवडा आणि सावकाश पाहा.