स्वागताध्यक्षीय भाषण : चौथऱ्याविना शिल्प



 सार्वजनिक शिल्प आणि ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे ज्याला आपण सोयीसाठी एआर म्हणतो, या विषयावरची ही परिषद मुंबईच्या काळा घोडा परिसरातच भरावी, असा आग्रह आमच्या स्वागत समितीने धरला होता. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, तो युवराज असतानाच, १८७९ साली इथे उभा राहिला आणि १९६५ साली इथून हलवला गेला. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ या जागी घोडा नव्हता, गाड्या उभ्या असत. तरीही टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ एवढे सांगितले की तो नेमका इथेच आणून सोडायचा. २०१७ साली नवा, स्वार नसलेला घोडा आला; तोवर लोकांनी एक न दिसणारे शिल्प बोलण्यात जपून ठेवले होते. ज्या कलेची चर्चा करायला आपण जमलो आहोत, तिची सगळी भिस्त जागेच्या या ताकदीवर आहे.

या कलेत शिल्पकार संगणकावर त्रिमित आकृती घडवतो आणि तिला अक्षांश-रेखांश देतो. तिथे जाऊन फोनचा कॅमेरा उघडला की ती समोरच्या रस्त्यावर किंवा डोक्यावरच्या आकाशात दिसते, तिच्याभोवती फिरता येते. दोन चौक पुढे गेलात की काही नाही. घरी बसून ती बघता येत नाही, तिथवर जावे लागते. माझ्या मते या कलेचा प्राण त्या जाण्यात आहे. कुठेही, कोणत्याही टेबलावर ठेवता येणारी एआर आकृती मजेची असेल, पण तिला मी सार्वजनिक शिल्प म्हणणार नाही.

याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या दक्षिणेकडचे आहे. मेक्सिकोची सीमा ओलांडून आलेली माणसे तिथल्या सोनोरा वाळवंटात तहानेने आणि उन्हाने मरतात. जॉन क्रेग फ्रीमन या कलावंताने २०१२ साली ‘बॉर्डर मेमोरियल’ केले. ज्या ज्या ठिकाणी मृतदेहाचे अवशेष सापडल्याची नोंद आहे, त्या प्रत्येक ठिकाणी त्याने एक सांगाडा ठेवला. मेक्सिकोत पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला जे सांगाडे करतात, त्याच घडणीचा. काटेरी झुडपे, तापलेली खडी, लांबवर वस्ती नाही, आणि फोन फिरवावा तसे एकामागून एक सांगाडे दिसत जातात. इतक्या माणसांसाठी दगडाची स्मारके कोण उभारणार होते? आणि समजा शहरातल्या एखाद्या बागेत सर्वांचे मिळून एकच स्मारक झाले असते, तरी कोण नेमके कुठे पडले हे त्यातून कळले नसते. इथे मात्र माणूस जिथे पडला तिथेच त्याची खूण आहे.

दुसरे उदाहरण नॅन्सी बेकर केहिल या कलावंताच्या ‘लिबर्टी बेल’चे. ४ जुलै २०२० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सहा ठिकाणी एकाच वेळी त्यांनी लाल, पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्यांची एक प्रचंड घंटा हवेत टांगली. त्यांतले एक ठिकाण होते अलाबामातल्या सेल्मा गावचा एडमंड पेटस पूल. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाचा हक्क मागत निघालेल्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी याच पुलावर झोडपले होते. पुलाला नाव मात्र अजून गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानीचे आहे. ते नाव न पुसता, एक खिळाही न ठोकता, त्या पुलावर स्वातंत्र्याची सैलावलेली, हेलकावे खाणारी घंटा आली. ब्राँझच्या पुतळ्याला हे साधले नसते.

आता अडचणीचा भाग. चौकात पुतळा बसवायचा तर महापालिकेचा ठराव लागतो, परवानग्या लागतात, हरकती ऐकाव्या लागतात. एआर शिल्पाला यातले काहीच लागत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये सँडर वीनहोफ आणि मार्क स्क्वारेक या कलावंतांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, संग्रहालयाला न विचारता, आख्खे एआर प्रदर्शन भरवले. इमारतीवर नसलेला सातवा मजलाही चढवला. त्या धिटाईचे मी कौतुकच करतो, कारण आत काय लागावे हे ठरवणाऱ्या मोजक्या हातांना तो प्रश्न होता. पण हीच मोकळीक पैसेवाल्या कंपनीला मिळाली तर? २०१७ साली स्नॅपचॅटने शिल्पकार जेफ कून्स यांचा फुग्याचा कुत्रा सेंट्रल पार्कमध्ये आणि इतर शहरांतही आभासी रूपात ठेवला. चिलीत जन्मलेल्या सेबास्टियन एराझुरिझ या कलावंताने त्याची हुबेहूब नक्कल करून तिच्यावर रंगांचे फराटे मारले. सार्वजनिक जागेचे अक्षांश-रेखांश कंपन्यांना फुकट का मिळावेत, हा त्याचा सवाल होता. त्याच्या आदल्याच वर्षी पोकेमॉन गो या फोनवरच्या एआर खेळाच्या लाटेत आउशवित्झच्या स्मारकाला खेळणाऱ्यांना आवरावे लागले होते. देवळाचा गाभारा, कबरस्तान, हुतात्म्यांचे स्मारक आणि कुणाच्या घराचे अंगण या ठिकाणी कोणी काय ठेवावे, याचा विचार आपल्या देशात तर फार आधी व्हायला हवा. पुतळ्यांवरून काय काय घडते हे आपण जाणतो.

आणि टिकाऊपणा? मे २०१५ मध्ये ॲपलने मेटाईओ ही जर्मन कंपनी घेतली. तिचे जुनाईओ हे ॲप त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बंद झाले आणि त्यावर उभ्या असलेल्या कलाकृती जागच्या जागी नाहीशा झाल्या. दगड झिजायला शतके लागतात, इथे कंपनीचा एक निर्णय पुरतो. म्हणून जी संस्था एआर शिल्पाला पैसे देते, तिने त्याची मूळ फाइल, त्याचे नेमके स्थान आणि जागेवर घेतलेले चित्रण जपून ठेवलेच पाहिजे. या बाबतीत मला तडजोड मान्य नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. मोकळ्या मैदानात फोनचे जीपीएस सुमारे पाच मीटरपर्यंत चुकते. उंच इमारतींत संकेत भिंतींवर आपटून परततात आणि चूक आणखी वाढते. पायरीवर बसवलेले शिल्प रस्त्याच्या मधोमध दिसते. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यातले दृश्य आधी काढलेल्या रस्त्यांच्या छायाचित्रांशी जुळवून जागा ठरवतात. गूगलने ही सोय मे २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यूच्या आधारे खुली केली. आपल्याकडे स्ट्रीट व्ह्यू त्याच वर्षी जुलैमध्ये दहा शहरांत सुरू झाले, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होते. ज्या गावाचे रस्ते कोणी टिपलेच नाहीत, तिथल्या शिल्पकाराला जीपीएसच्या भरवशावरच काम करावे लागेल. शिवाय चांगला फोन आणि डेटा ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी हे शिल्प अस्तित्वातच नाही. जे सर्वांचे म्हणायचे, ते निदान पाहायला मिळण्याची सोय सर्वांना हवी. आयोजकांनी जागेवर उसने फोन ठेवावेत, सोबत माहिती सांगणारा माणूस ठेवावा.

मित्रहो, राहण्या-जेवणात काही उणे राहिले तर समितीच्या कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगा, ते रात्रंदिवस झटत आहेत. आणि समारोपाच्या सत्रात ठराव मांडताना माझ्या दोन मागण्या त्यात घाला, ही हात जोडून विनंती. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक एआर शिल्पाची प्रत सरकारी संग्रहात जमा व्हावी, आणि कुठल्याही सार्वजनिक जागी असे शिल्प ठेवण्यापूर्वी तिथे राहणाऱ्यांना विचारले जावे. ठरावाचा मसुदा उद्या सकाळी नोंदणी कक्षात ठेवला जाईल; आपण तो वाचून आपल्या दुरुस्त्या त्याच दिवशी लेखी द्याव्यात.