फाइल सिस्टीमच्या चाचणीनंतरची आवराआवर

डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, याचा हिशेब फाइल सिस्टीम ठेवते. तिच्यात एक चूक राहिली तर वर्षानुवर्षांची कागदपत्रे नाहीशी होऊ शकतात. म्हणून लिनक्समधल्या फाइल सिस्टीममध्ये बदल झाला की तो स्वयंचलित चाचण्यांमधून नेला जातो. त्यासाठीचा सर्वांत परिचित संच म्हणजे एफएसटेस्ट्स. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९४ मध्ये एक्सएफएस ही फाइल सिस्टीम आणली. तिच्या तपासणीसाठी हा संच तयार झाला आणि पुढे इतर फाइल सिस्टीमही त्यावर तपासल्या जाऊ लागल्या. आज त्यात हजाराहून अधिक चाचण्या आहेत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. अशा ठिकाणी एका साध्या संगणकावर, दोन मोकळ्या विभाजनांत, हा संच चालवता येतो. त्यातले एक विभाजन पुन्हा पुन्हा फॉरमॅट होते. त्यामुळे कामाचा डेटा असलेली डिस्क तिथे कधीही देऊ नये.

प्रत्येक चाचणी ही एक शेल स्क्रिप्ट असते. ती डिस्क माउंट करते, तिच्यावर काम करते, डिस्क अनमाउंट करते आणि रचना शाबूत आहे का ते तपासते. अनेक चाचण्यांत एफएसस्ट्रेस नावाचा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत सोडलेला असतो. त्याच्या अनेक प्रोसेस एकाच वेळी फाइली बनवतात, पुसतात, त्यांची नावे बदलतात. हा गोंधळ चालू असतानाच मुख्य स्क्रिप्ट फाइल सिस्टीम गोठवते, म्हणजे तिच्यावरचे लिहिणे रोखून धरते, किंवा डिस्क अचानक बिघडल्याचा प्रसंग घडवून आणते.

अडचण नंतर येते. मुख्य स्क्रिप्ट संपली तरी तिने सोडलेल्या प्रोसेस आपोआप संपत नाहीत. एकीनेही फाइल उघडी ठेवली असेल तर डिस्क व्यस्त असल्याचे सांगून अनमाउंट नाकारले जाते. मग पुढची चाचणी स्वतःचा दोष नसताना नापास होते, आणि शोध घेणारा चुकीच्या जागी तासन्‌तास खणत बसतो.

म्हणून चाचणीच्या सुरुवातीलाच सफाईचे फंक्शन लिहितात आणि शेलच्या ट्रॅप या आज्ञेने ते बाहेर पडण्याच्या क्षणाशी जोडतात. चाचणी पास होवो, नापास होवो किंवा मध्येच थांबवली जावो, सफाई होते. अपवाद सिगकिलचा, म्हणजे प्रोसेस तडकाफडकी मारणाऱ्या सिग्नलचा. तो पकडता येत नसल्याने तो मिळालेल्या स्क्रिप्टला सफाईची संधीच मिळत नाही.

सफाईत क्रमाला फार महत्त्व आहे. साखर कारखान्याचा हंगाम संपवताना आधी गव्हाणीत ऊस टाकणे थांबते, मग आतला रस संपवला जातो आणि त्यानंतर बॉयलर विझतो. इथेही तसेच आहे. गोठवलेली फाइल सिस्टीम आधी मोकळी करायची, कारण लिहिण्यासाठी अडकून पडलेली प्रोसेस तोवर पुढे सरकत नाही. मग प्रोसेसना थांबण्याचा सिग्नल द्यायचा. त्यानंतर वेट या आज्ञेने त्या खरोखर संपेपर्यंत थांबायचे आणि शेवटी अनमाउंट करायचे. सिग्नल पाठवला म्हणजे प्रोसेस संपली असे होत नाही. वेट गाळली तर चाचणी कधी पास, कधी नापास होते. सिग्नलची निवडही जपून करावी लागते. स्क्रिप्टमधून पार्श्वभूमीत सोडलेल्या आज्ञा सिगइंट, म्हणजे कंट्रोल-सीचा सिग्नल, मुळातच दुर्लक्षित करतात. तिथे सिगटर्म हा थांबण्याची विनंती करणारा सिग्नल वापरतात.

नेमके कोणाला थांबवायचे, हा पुढचा प्रश्न. किलऑल ही आज्ञा नावावरून प्रोसेस शोधते. एका यंत्रावर एकच चाचणी चालू असेल तोवर हे खपते. अनेक चाचण्या समांतर चालवल्या की एकीची सफाई दुसरीचा एफएसस्ट्रेस मारून टाकते, आणि ती दुसरी चाचणी कमी ताणाखाली खोटीच पास होते. लिनक्स विकासक डेव्ह चिनर यांनी समांतर चाचण्यांचे काम हाती घेतले तेव्हा हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. २०२५ मध्ये दुसरे विकासक डॅरिक वोंग यांच्या बदलांमुळे प्रत्येक चाचणीला, कर्नलची म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची साथ असेल तर, स्वतःचे पीआयडी नेमस्पेस, म्हणजे प्रोसेसचा वेगळा कप्पा, मिळू लागले. ही सोय लिनक्समध्ये २००८ पासून आहे. नेमस्पेसमधली पहिली प्रोसेस संपली की कर्नल आतल्या बाकी सर्व प्रोसेसना सिगकिल देतो. आईबाप प्रोसेस गेल्यामुळे पोरक्या झालेल्या प्रोसेसही त्यातून सुटत नाहीत.

तरीही एक अवस्था उरते. कर्नलच्या आत, डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली प्रोसेस प्रोसेस दाखवणाऱ्या पीएस या आज्ञेच्या यादीत डी या अक्षराने दिसते, आणि सिगकिलही तिला हलवू शकत नाही. गोठवण मोकळी केल्यावर आणि डिस्क पूर्ववत केल्यावरही ती तशीच राहिली, तर बहुधा कर्नलमध्येच कुलूप अडकलेले असते. अशा वेळी घाईने यंत्र रीस्टार्ट करू नये. आधी त्या प्रोसेसचा कर्नलमधला स्टॅक आणि कर्नलचे संदेश जपून ठेवावेत. चाचणी ज्या दोषाच्या शोधात होती, तो दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो.