शाळेची इमारत पाडण्यापूर्वी
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



विद्येच्या देवतेसमोर उभा आहे, म्हणून आज शाळांच्या जुन्या इमारतींविषयी चार शब्द बोलतो.

पुण्याला गेलो की आपण दगडूशेठ गणपतीचे दर्शन घेतो. त्याच्या समोरच भिडे वाडा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली, ती तिथे. पुढे वाड्यात दुकाने आली, पडझड झाली, जागेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी वाडा पाडला गेला. स्मारक हवेच, पण मूळ वास्तू पुन्हा उभी राहत नाही. ती सांभाळायची वेळ कौल गळू लागते तेव्हाच असते.

आपल्या बंगळूरचे उदाहरण पाहा. १८६८ सालची लाल रंगाची ‘अठरा कचेरी’ १९८० च्या दशकात पाडायचे घाटत होते. नागरिकांनी आवाज उठवला, प्रकरण त्याच इमारतीत भरणाऱ्या उच्च न्यायालयात गेले, आणि इमारत वाचली. टिपूच्या राजवाड्याजवळचे फोर्ट हायस्कूल १९०७ सालचे. अशा शाळांसाठी मात्र क्वचितच कोणी बोलते.

मोडक्या छताखाली मुले बसवा, असे माझे म्हणणे नाही. पण ‘जुनी’ म्हणजे ‘धोकादायक’ नव्हे. चुन्यातल्या जाड भिंती आणि उंच छत यांमुळे वर्ग उन्हाळ्यातही थंड राहतो. चुना ओल बाहेर टाकतो; त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंत खराब होते. मग दोष जुन्या बांधकामाला दिला जातो! कौले, पन्हळी, वाशांची वाळवी एवढे दरवर्षी पाहिले तरी बरेच काम होते. वर्ग कमी पडत असतील, तर आवारात नवे बांधता येतात.

आपण नोकरीधंद्यानिमित्त इथे आलो, पण गावच्या शाळेकडून शताब्दीचे किंवा ‘नव्या इमारतीसाठी मदत करा’ असे पत्र आपल्याला येतेच. वर्गणी अवश्य द्या. मात्र देण्याआधी दोन प्रश्न विचारा : जाणकार अभियंत्याकडून जुन्या इमारतीची तपासणी झाली का? दुरुस्तीचा खर्च काढला का? उत्तर ‘नाही’ आले, तर पहिली वर्गणी त्या तपासणीसाठी द्या.

गणपती बाप्पा मोरया!