ताण आणि दैवी संपत्

2023 साली ज्यांचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, त्या पांढुर्णा व सौसर तालुक्यांतील संत्रा बागायतदारास ‘ताण’ हा शब्द प्रथम झाडाच्या संबंधात आठवतो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेचे पाणी तोडावे लागते. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत अधिक दिवस. पाने मलूल झालेली पाहून तो वेळीच ओलित सुरू करतो, कारण ताण अति झाला तर फांद्या वाळतात. ही पारख म्हणजे त्याच्या विवेकाची व धैर्याची कमाई होय. नवल असे की, भाद्रपदात फळगळ लागली किंवा भाव कोसळला म्हणजे हाच मनुष्य स्वतःच्या मनाचे पाणी तोडून ठेवतो. घरात बोलत नाही, पानावरून उठतो, आपल्यात काही उरले नाही असे म्हणू लागतो.

गीतेचा आरंभ अशाच खचलेल्या मनुष्यापासून होतो. सोळाव्या अध्यायातील पहिल्या तीन श्लोकांत भगवंतांनी अभयापासून निरभिमानतेपर्यंत 26 गुण सांगितले. विद्यार्थी ही यादी मुखोद्गत करतात आणि पुष्कळदा तेथेच थांबतात. खरा उपचार पाचव्या श्लोकात आहे. हे गुण तू मिळव, असे तेथे अर्जुनास सांगितलेले नाही; ही संपत्ती घेऊनच तू जन्मलास, यास्तव शोक करू नकोस, असे सांगितले आहे. दुःखिताचे सांत्वन त्याच्यापाशी असलेल्या ठेव्यावर उभारले आहे.

आधुनिक मानसशास्त्रही या वाटेने आले. पीटरसन व सेलिगमन यांनी 2004 साली 24 चारित्र्यगुणांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आपले प्रमुख गुण ओळखून ते आठवडाभर रोज नव्या रीतीने वापरणाऱ्यांची खिन्नता घटली व तो परिणाम सहा महिने टिकला. प्रयोगास आलेले लोक आपखुशीने आले होते, हे विसरू नये. तरी ‘नव्या रीतीने’ हे शब्द मोलाचे आहेत. ज्यास बागेची पारख आहे, त्याने ती आपल्या झोपेकडे व रागाकडे वळवावी. जो हिशेबात चोख, त्याने कर्जाचा आकडा कागदावर मांडून भावास दाखवावा. जिला दुसऱ्याचे दुःख कळते, तिने शेजारच्या अबोल झालेल्या सुनेजवळ घटकाभर बसावे; बसणारीचेही मन हलके होते.

येथे एक मर्यादा आहे. सौसरनजीक जामसावळीच्या हनुमंतापाशी मनोरुग्णांस घेऊन दूरदूरची कुटुंबे येतात. त्यांच्या श्रद्धेस बाध न आणता एवढे सांगितलेच पाहिजे की, गंभीर विकारात गुणांचा उपदेश औषधाची जागा घेत नाही. जीव नकोसा झालेल्यास नुसते ‘धीर धरा’ म्हणणे हे पाय मोडलेल्यास चालावयास सांगण्यासारखे आहे. रुग्णास साखळदंडाने बांधण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. सरकारच्या टेलिमानस सेवेशी 14416 या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही विनामूल्य बोलता येते. खचलेल्या माणसाच्या हातून तो फोन बहुधा लागत नाही. घरात जो कोणी धीट असेल, त्याने तो लावून द्यावा आणि जवळच बसून राहावे.