मी जाते

(वसंत व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेले व्याख्यान)



ज्याच्यामुळे तुम्ही मला इथे बोलावलंत तो माझा मुलगा आज सभागृहात नाही. माइक चालू करताना एक शीळ वाजते, ती त्याला सोसत नाही. तो आणि त्याची आई आत्ता मॅजेस्टिकच्या बसस्थानकात असतील. कोणत्या फलाटावर कोणती बस लागते हे बघणं, हा त्याचा रविवार. पाचशे-डी हेब्बाळहून सिल्क बोर्डला जाते, तीनशे पस्तीस-ई काडुगोडीला, हे मला त्याच्यामुळे पाठ झालंय. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. नाव सांगत नाही. त्याला विचारून सांगायला हवं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तो कसं देईल मला ठाऊक नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कोणीतरी विचारतंच : ‘मग त्याच्यात काही खास देणगी असेल ना?’ नाही. ‘रेनमॅन’ हा चित्रपट १९८८ साली आला आणि तेव्हापासून जगभरच्या स्वमग्न मुलांच्या आईबापांना हा प्रश्न झेलावा लागतो. बसचे नंबर त्याला येतात, पण कंडक्टरने उरलेले पैसे परत दिले की नाहीत हे त्याला कळत नाही. बहुतेक स्वमग्न माणसं अलौकिक वगैरे नसतात, तुमच्या-माझ्यासारखीच असतात.

आता या ‘स्वमग्न’ शब्दाबद्दल. मराठीत तो रुळलाय, इकडे कन्नडमध्ये ‘स्वलीनते’ म्हणतात. ‘ऑटिझम’ या शब्दाचं मूळ ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ साली स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात तो वापरला. मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा या बाईंनी १९२५च्या सुमारास अशा मुलांचं बारकाईने वर्णन केलं, पण त्यांचं नाव पुढे कित्येक वर्षं कोणी घेतलं नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि हा शब्द मुलांना चिकटला. पुढच्या वर्षी व्हिएन्नात आस्पर्गर यांनी अशाच मुलांवर लिहिलं. ‘स्वमग्न’ हा शब्द सुंदर आहे, एखाद्या योग्यालाही शोभेल. फक्त तो चुकीचा आहे.

आमच्या घरातलं सांगतो. हा चार-पाच वर्षांचा असताना स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसायचा आणि अचानक उठून गॅलरीत जाऊन कानांवर हात ठेवायचा. काही वेळाने कुकरची शिट्टी व्हायची. आधी वाटलं योगायोग. मग एका दुपारी मी घड्याळ घेऊन बसलो. वजन थरथरायला लागण्याच्याही आधी वाफेचा एक बारीक ‘स्स्’ निघतो. कान कुकरजवळ नेला तेव्हा कुठे मला तो ऐकू आला. याला तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात होता, आणि त्याच्या मागोमाग काय येणार हेही माहीत होतं. वरण भाताला लागलेलं चालत नाही, शर्टाच्या मानेमागची कापडी पट्टी कापून टाकावी लागते, गणपतीच्या दहा दिवसांत खिडक्यांना गाद्या लावाव्या लागतात. ज्याच्यात बाहेरचं जग एवढं घुसतं त्याला आपण ‘स्वतःत मग्न’ म्हणायचं? शिट्ट्या तीन झाल्या की चार हे ज्यांना आठवत नाही ते आपण.

असो. मला खरं बोलायचंय ते भाषेबद्दल.

मी मूळचा बेळगावचा. त्यामुळे भाषा म्हटलं की आमचा आवाज आपोआप चढतो, ते तुम्ही समजून घ्याल. नोकरीसाठी इथे आलो, १९९७ मध्ये मुलगा झाला. तिसऱ्या वर्षापर्यंत बोलेना. एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगे उशिराच बोलतात, थांबा. आम्ही वर्षभर थांबलो. मग निदान झालं, आणि त्यासोबत आणखी एक सल्ला : घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी, कारण शाळा इंग्रजी आहे आणि मुलाचा गोंधळ होतो.

आम्ही ऐकलं. माझी आई गावाहून येऊन राहिली होती, तिला इंग्रजीची तीन वाक्यंसुद्धा येत नव्हती. ती नातवाशी बोलायचीच बंद झाली. ‘मी काही बोलले तर त्याचं नुकसान होईल,’ म्हणायची, आणि नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. ती चार महिन्यांची शांतता आजही मला सलते. आमच्यासारखी किती घरं या शहरात असतील : घरात मराठी, जिन्यात कन्नड, कामवालीची तमिळ, शाळेत इंग्रजी. आणि सल्ला असा की यातल्या तीन बंद करा.

त्या सल्ल्याला आधार नव्हता. कॅनडात मॉन्ट्रियलला हॅम्ब्ली आणि फोंबोन या संशोधकांनी दोन भाषांच्या घरांतल्या आणि एका भाषेच्या घरांतल्या स्वमग्न मुलांची तुलना केली. ते काम २०१२ मध्ये छापून आलं. दोन भाषा कानावर पडणारी मुलं त्यामुळे जास्त मागे पडली, असं त्यांना आढळलं नाही. नंतरच्या इतर अभ्यासांचाही सूर तोच आहे. आम्हाला हे कळायच्या आधी आमच्या खालच्या मजल्यावरच्या कन्नड अज्जींनी दाखवून दिलं होतं, कसलाही अभ्यास न करता.

माझ्या आईच्या हट्टाखातर इंग्रजी गुंडाळून आम्ही मराठीवर परत आलो, तसा हा साडेपाचव्या वर्षी बोलू लागला. पण कसं? तहान लागली की म्हणायचा, ‘तुला पाणी हवंय का?’ कारण पाणी मिळण्याच्या आधी त्याने नेहमी हेच ऐकलेलं. बाहेर जायचं असलं की दाराशी उभा राहून म्हणायचा, ‘मी जाते हं.’ त्याची आई रोज कामाला निघताना हेच म्हणत होती. सगळी वाक्यं आईची, त्यामुळे सगळी क्रियापदं बायकी. ‘मी आले’, ‘मी दमले’, ‘मी येते’. नात्यातले लोक हसायचे. एका लग्नात एका काकांनी त्याला चारचौघांत तेच पुन्हापुन्हा बोलायला लावलं. त्या दिवशी जेवण न करताच आम्ही निघालो.

कॅनर यांनी १९४३ मध्येच हे टिपलं होतं : मूल सर्वनामं जशी ऐकतं तशीच परत देतं. पुढे कित्येक वर्षं याला पोपटपंची ठरवून मोडून काढायचे प्रयत्न झाले. १९८१ मध्ये प्रिझंट आणि डुकन यांनी दाखवलं की या पुनरुच्चाराला अर्थ असतो, मूल त्यातून मागतं, नाकारतं, गप्पांत आपली पाळी घेतं. आमच्या घरात ते रोज दिसत होतं, आम्ही मात्र व्याकरण तपासत बसलो होतो.

आता अज्जी. तो जिन्यातून उतरून त्यांच्या दारात बसायचा. त्या विचारायच्या, ‘नीरु बेका?’ पाणी हवं? तो म्हणायचा ‘बेका’, कधी ‘बेकु’. त्यांना दोन्ही कळायचं. तू नाही, मी नाही, तुला नाही, मला नाही. ‘बेकु’ म्हणजे हवं, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘साकु’ म्हणजे पुरे. तीन शब्दांत त्याचा संसार चालला. आणि ‘मी जाते’ची अडचण कन्नडमध्ये उद्भवतच नाही. ‘नान् होग्तीनि’ पुरुषही म्हणतो, बाईही म्हणते; प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. रस्त्यावरच्या भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत त्याच्या कन्नडला कोणी कधी हसलं नाही, कारण हसण्यासारखं तिथे काही उरतच नव्हतं. सीमाप्रश्नावर मोर्चे काढलेला माझा बाप हे बघायला हवा होता.

कन्नड श्रेष्ठ असं कृपा करून माझ्या तोंडी घालू नका, मला बेळगावला परत जायचं असतं. ‘हवं’ आणि ‘नको’ मराठीतही आहेतच. फरक बोलणाऱ्यांत होता. आम्ही सुशिक्षित माणसं, त्याच्यावर लांबलचक पूर्ण वाक्यं टाकत होतो. अज्जी एक शब्द टाकायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. आम्ही वाट बघत नव्हतो. प्रश्न विचारला की दोन सेकंदांत तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने. त्याच्यासाठी तो दुसरा, नवा प्रश्न होता, पहिल्याचं उत्तर तयार होत असतानाच अंगावर आलेला. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की समजून घेण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. स्वमग्न माणसांना आपण कळत नाही, तितकीच आपल्यालाही ती कळत नाहीत. मला ते जिन्यात कळलं होतं.

या शहराचं या विषयाशी नातं जुनं आहे. निम्हान्स या इथल्या मानसिक आरोग्य संस्थेत देशभरातून आईबाप मुलांना घेऊन येतात. प्रतिभा कारंत यांनी सन २००० मध्ये लहान मुलांसाठी ‘कॉम डील’ नावाचं काम इथे सुरू केलं. शाळेत जाण्याआधीच्या वयात बोलणं, हालचाल, खेळणं सगळं एकत्र घ्यायचं, असा त्याचा गाभा. आणि टीटो मुखोपाध्याय. तो लहानपणी म्हैसूर-बंगळूरला होता. बोलत जवळजवळ नव्हता. आई सोमा यांनी त्याला अक्षरांच्या फळ्यावरून लिहायला शिकवलं, आणि अकरा-बाराव्या वर्षी, २००० मध्ये, त्याचं इंग्रजी पुस्तक लंडनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने काढलं. २००१ मध्ये मायलेक अमेरिकेला गेले. त्या बातम्या वाचून या शहरातल्या किती घरांत फळे आले असतील! आमच्याकडेही आला, दोन महिने टिकला. सोमांची पद्धत पुढे अमेरिकेत पसरली, आणि २०१८ मध्ये तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध सावधगिरीची सूचना काढली : फळा धरणारा माणूस नकळत उत्तर सुचवत असू शकतो, मग शब्द मुलाचे की त्याचे? टीटोचं लेखन मला मोलाचं वाटतं. पण एका मुलाच्या जिवावर दुसऱ्याच्या घरी पद्धत विकली जाते तेव्हा मी खिसा घट्ट धरतो. बरं करून देतो म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत तुम्हीही धरा. हा आजार नव्हे, जन्मापासूनची घडण आहे.

तशीच दोष देणाऱ्यांचीही हजेरी घ्यायला हवी. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेत ‘थंड’ आयांवर खापर फोडलं गेलं, बेटलहाइम यांनी त्यावर १९६७ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. १९६४ मध्येच रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, तो सिद्धांत खोडला होता. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका निबंधामुळे लसीवर खापर आलं, तो निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. आमच्याकडे ग्रहण, मोबाइल आणि सुनेची नोकरी, एवढ्यांवर भागतं. बापाला कोणी विचारत नाही, हे मी कबूल करतो. निदानानंतरची पहिली दोन वर्षं मी जास्तीची कामं मागून घेत होतो.

आकडा विचाराल तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत, जिच्यात उत्तर गोव्यासह पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची मुलं होती, प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. म्हणजे तुमच्या मोठ्या सोसायटीत एक तरी घर असणारच. मोठ्या माणसांतही असतात. इथल्या संगणकाच्या नोकऱ्यांत चाळिशीत स्वतःबद्दल कळलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांचे प्रश्न वेगळे, आणि ते त्यांनीच या व्यासपीठावरून मांडावेत, मी त्यांच्या वतीने बोलणार नाही.

उरला तो एकच प्रश्न, जो आमच्यापैकी प्रत्येकजण रात्री दिवा मालवल्यावर विचारतो : आमच्यानंतर काय? त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, कागदांपुरतं आहे. १९९५च्या अपंग कायद्यात ही अवस्था नव्हतीच, त्यामुळे आमच्या मुलाच्या पहिल्या दाखल्यावर ‘मतिमंद’ लिहिलं गेलं. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती आली, २०१६च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र जागा मिळाली. दाखल्यासाठी चाळीस प्रश्नांचं भारतीय मोजमाप लावतात, सत्तर किंवा त्याहून जास्त गुण झाले की स्वमग्नता धरतात. नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्यविम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. आणि सगळ्यांत दुर्लक्षित बाब : मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत, इस्पितळात, घराच्या कागदांवर हे अडतं. ज्यांना स्वतःचे व्यवहार कळतात त्यांना पालकाची गरज नाही, त्यांच्यावर तो लादू नका. ज्यांना कळत नाहीत त्यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या, म्हणजे इकडे आपण ज्यांना डी.सी. म्हणतो त्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब. आम्ही तो अर्ज मुलगा तेवीस वर्षांचा झाल्यावर केला. पाच वर्षं उशिरा.

भरलेल्या अर्जाच्या वीस झेरॉक्स प्रती मी पिशवीत आणल्या आहेत, नाव-पत्त्याच्या जागी काळी शाई फिरवली आहे. व्याख्यान संपलं की दाराशी उभा राहतो. ज्यांच्या घरी अठराच्या पुढचं मूल आहे त्यांनी एकेक घेऊन जा. फक्त साडेआठच्या आत या, नऊच्या बसने दोघं घरी परततात आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे.